रोशफोरचं जहाज आणि आपली खाडी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. पडद्यावर दाखवलेली छायाचित्रं इथे देता येत नाहीत. बाकी मजकूर जसा बोललो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू जगभर फिरलास, जहाजांवर काहीतरी बोल. पण वेळेत संपव, नंतर जेवण आहे." स्वयंपाकघरातून सोलकढीचा वास इथवर येतोय, तेव्हा प्रस्तावना न करता थेट विषयाला येतो.

मी पस्तीस वर्षं जहाजांवर नोकरी केली, पण ती इंजिनरूममध्ये. शीड, डोलकाठी, वारा यांच्याशी माझा संबंध नाही. म्हणून आज ज्या जहाजाबद्दल सांगणार आहे, ते मी बांधलेलं नाही, त्यावर कधी चढून समुद्रात गेलेलोही नाही. मी ते दोनदा पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अर्धवट बांधलेलं होतं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ते उघडलेलं होतं. मधल्या काळात ते अटलांटिक ओलांडून अमेरिकेला जाऊन आलं. त्या दोन भेटींमध्ये मला जे कळलं, ते शाळेत येऊन सांगावं असं फार दिवस मनात होतं.

2002 साल. आमचं जहाज फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला पालीस बंदरात गहू भरायला लागलं होतं. धान्य भरताना पाऊस आला की काम बंद. झाकणं लावायची आणि वाट बघायची. तसा दोन दिवस पाऊस लागला. आमचा गोव्याचा बोसन म्हणाला, "साहेब, इथून अर्ध्या तासावर रोशफोर म्हणून गाव आहे, तिथे लाकडी लढाऊ जहाज बांधतायत म्हणे." रेल्वेने गेलो.

रोशफोर हे शारांत नदीकाठचं गाव. 1666 साली चौदाव्या लुईच्या राज्यात तिथे आरमारी कारखाना सुरू झाला. दोर वळण्याची एक इमारत आहे, तिची लांबी 374 मीटर. जहाजाचा लांब दोर एका सलग वळायचा तर तेवढी लांब जागा लागते, एवढं साधं कारण. हा कारखाना 1927 मध्ये बंद झाला. म्हणजे आपल्या आजोबांच्या तरुणपणीच तिथली सुतारांची, लोहारांची, शिडं शिवणाऱ्यांची परंपरा संपली.

या गावात 1778-79 मध्ये 'एर्मिओन' नावाची फ्रिगेट बांधली गेली. 32 तोफांचं वेगवान जहाज. त्या काळच्या शेकडो कामगारांनी ते साधारण 11 महिन्यांत उभं केलं. 1780 च्या मार्चमध्ये लाफाएत हा तरुण फ्रेंच सरदार याच जहाजातून अमेरिकेला निघाला आणि 38 दिवसांनी बोस्टनला पोचला. जॉर्ज वॉशिंग्टनसाठी तो बातमी घेऊन चालला होता, की फ्रान्सचा राजा सैन्य आणि आरमार पाठवतोय. पुढे 1793 मध्ये ही एर्मिओन फ्रान्सच्याच किनाऱ्याजवळ खडकावर आपटून बुडाली. चूक वाटाड्याची. वय चौदा वर्षं.

दोनशे वर्षांनी रोशफोरच्या काही लोकांनी ठरवलं की हे जहाज पुन्हा बांधायचं. 1992 मध्ये संस्था काढली. 4 जुलै 1997 ला गावातल्याच जुन्या दगडी गोदीत कामाला आरंभ झाला. जे मूळ जहाज 11 महिन्यांत झालं, त्याची प्रतिकृती समुद्रात जायला 2014 चा सप्टेंबर उजाडला. सतरा वर्षं!

मी पाहिलं तेव्हा फळ्यांपेक्षा फासळ्याच जास्त दिसत होत्या. मधून चालताना एखाद्या देवमाशाच्या सांगाड्यात शिरल्यासारखं वाटलं. पण मला तिथे खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. एका भिंतीला पातळ लाकडाचे साचे टांगलेले होते. वाकडे, बाकदार, प्रत्येकावर काही आकडे लिहिलेले. शेजारी एक सुतार गुडघ्यावर बसून ओकच्या ओंडक्यावर तसलाच एक साचा ठेवून पेन्सिल फिरवत होता.

मित्रांनो, ते साचे मी ओळखले. आमच्या बाबांकडे तसेच होते.

इथे बसलेल्यांपैकी खाडीपलीकडच्या मंडळींना माझे बाबा आठवत असतील. होड्या बांधायचे. आमच्या माडाखालच्या मांगरात त्यांचे पंधरा-वीस साचे आढ्याला टांगलेले असायचे. बाबा त्यांना फर्मे म्हणायचे. काही त्यांच्या वडिलांच्या वेळचे. कुठल्या होडीच्या पोटाला किती बाक, नाळ किती पुढे झुकलेली, हे सगळं त्या फर्म्यांत होतं. कागद नाही, आकृती नाही. 1998 मध्ये बाबा गेले. बाराव्यानंतर मांगर साफ करताना मी ते फर्मे काढले आणि अंघोळीच्या बंबात घातले. सुकं लाकूड, छान पेटलं. आई काही बोलली नाही. मलाही तेव्हा काही वाटलं नाही.

चार वर्षांनी फ्रान्समध्ये त्या भिंतीपुढे उभा राहिलो तेव्हा वाटलं.

आता प्रतिकृती बांधताना या लोकांना काय काय अडलं ते सांगतो, म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल.

पहिली अडचण आराखड्याची. एर्मिओनचे मूळ नकाशे उरलेले नव्हते. पण तिचं एक जुळं भावंड होतं, 'काँकोर्ड' नावाचं. ते 1783 मध्ये इंग्रजांनी पकडलं. इंग्रजांची एक रीत होती. शत्रूचं जहाज चांगलं निघालं की गोदीत घेऊन त्याची मापं काढायची, नकाशा करून ठेवायचा. काँकोर्डचा तो नकाशा ग्रीनिचच्या संग्रहालयात जपलेला होता. फ्रेंचांना आपलं जहाज पुन्हा बांधता आलं ते शत्रूच्या कपाटामुळे.

या रीतीचा एक धागा थेट मुंबईला येतो. 1782 मध्ये इंग्रजांनी 'एबे' नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली, तिच्या मापांवरून आपल्या फ्रिगेटींचा एक वर्ग तयार केला, आणि त्यातलंच एक जहाज, 'त्रिंकोमाली', मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधून 1817 मध्ये पाण्यात सोडलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय.

आपल्याकडे काय झालं? आठवीत आपली सहल गिर्येला गेली होती. खडक फोडून केलेली आंग्र्यांची गोदी बघायला. आपण तिथे डबे खाल्ले आणि खेकडे पकडले. त्या गोदीतलं आरमार 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली जळालं, इंग्रजांचं आरमार समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून आली तेव्हा. तिथे कुणी मापं काढत बसलं नाही. ती आग दुसऱ्यांनी लावली होती. आमच्या बंबातली मी लावली.

दुसरी अडचण लाकडाची. जहाजाला सरळसोट झाडं थोडी लागतात, वाकडी फार. पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, त्याला सरळ लाकूड. पण फासळ्यांना, कोपऱ्यांतल्या आधारांना नैसर्गिक बाक असलेलं लाकूड हवं. सरळ लाकूड कापून बाक काढला तर रेषा तुटतात आणि ताण आला की तिथेच मोडतं. झाडात बाक असेल तर रेषा त्या बाकाबरोबर वळते. म्हणून माणसं जंगलात फिरून, फांद्यांचे बाक बघून झाडं निवडत होती. साधारण 2000 ओक लागले. (आमच्या वर्गातली मागच्या बाकावरची मंडळी आत्ता हसली. हो, तुमच्याबद्दलच बोलतोय. सरळ आम्ही सगळे बाहेर गेलो, आणि शाळेच्या छपराचा आधार तुम्हीच झालात.)

तिसरी अडचण पैशाची. ती त्यांनी फार हुशारीने सोडवली. जहाज पूर्ण झाल्यावर दाखवायचं, असं न करता बांधतानाच तिकीट लावून दाखवलं. लोकांनी यायचं, सुतार काम करताना बघायचे, प्रश्न विचारायचे, पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. 40 लाखांहून अधिक लोक आले. सुमारे अडीच कोटी युरो खर्चाचा मोठा भाग अशा तिकिटांतून उभा राहिला. त्यात एक तिकीट माझं आणि एक आमच्या बोसनचं.

मग सतरा वर्षं का लागली? कारण चौथी अडचण हातांची होती. नकाशा मिळाला, झाडं मिळाली, पैसे हळूहळू मिळाले. पण 44 मीटर लांबीचं लाकडी लढाऊ जहाज बांधलेला माणूस फ्रान्समध्ये उरलेला नव्हता. कारखाना बंद होऊन सत्तर वर्षं झाली होती. घरांची छपरं बांधणारे सुतार होते, मासेमारीच्या होड्या बांधणारे होते, त्यांना शिकत शिकत पुढे जावं लागलं. दोरखंडांच्या कामाचा प्रमुख स्वीडनहून आला. त्याने तिकडे 'योटेबोर्ग' या जुन्या व्यापारी जहाजाच्या प्रतिकृतीवर काम केलेलं होतं. एका प्रतिकृतीवर शिकलेला माणूस दुसरीवर शिकवायला गेला. त्या जहाजावर जवळजवळ 25 किलोमीटर दोर आहे आणि सुमारे 1000 कप्प्या. कुठला दोर कुठून कुठे जातो हे नकाशात दाखवता येतं. तो किती ताणला म्हणजे पुरे, हे नकाशात दाखवता येत नाही.

नकाशात मावत नाही असं काय असतं, ते मला बाबांनी एकदा दाखवलं होतं, मी सातवीत असताना. फळी होडीला बसवायच्या आधी ते तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. एका फळीवर थांबले आणि ती बाजूला काढली. मी विचारलं का. म्हणाले, "आयकूक येणा नाय तुका?" मला खरंच काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. अजूनही येत नाही. ते ऐकू यायला आणखी दहा वर्षं त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं.

आणि मी बसलो नाही यात त्यांचाही वाटा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. शाळा सुटल्यावर मी वाकस हातात घेतला की ते काढून घ्यायचे. "हाताक घट्टे पाडून घेव नको. तू आपलो शिक." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी तसं म्हटलं म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे. लाकडाच्या कामात पोट भरत नव्हतं, आणि फायबरच्या होड्या आल्यावर तर मागणीच आटली. कुठल्या तोंडाने मुलाला सांगणार, हेच कर म्हणून?

आता दुसऱ्या भेटीकडे येतो.

2015 च्या एप्रिलमध्ये एर्मिओन फ्रान्सहून निघाली आणि 5 जूनला अमेरिकेत यॉर्कटाउनला पोचली. मी तेव्हा जहाजावरच होतो, दुसऱ्या समुद्रात. मेसमध्ये बसून फोनवर चित्रफीत पाहिली. तागासारख्या दिसणाऱ्या जवसाच्या कापडाची शिडं, पुढे सोनेरी सिंह. वर चढलेले बहुतेक लोक स्वयंसेवक होते. आजच्या नियमांप्रमाणे तिच्यात इंजिनं होती, वीज होती, आग विझवायची साधनं होती. त्याने प्रतिकृती खोटी ठरते का, यावर आमच्या मेसमध्ये वाद झाला. मी इंजिनवाला असल्याने माझं मत तुम्हाला माहीत आहे.

निवृत्तीनंतर 2023 मध्ये मुलीबरोबर फ्रान्सला गेलो. मी म्हटलं, रोशफोरला जाऊ, आता पूर्ण झालेलं जहाज बघू. तिने फोनवर शोधलं आणि म्हणाली, "बाबा, ते तिथे नाही. दुरुस्तीला नेलंय." 2021 मध्ये देखभालीसाठी एर्मिओन दक्षिणेला बायोनजवळच्या कोरड्या गोदीत घेतली होती. फळ्या काढून बघितल्या तर आत ओकला बुरशी लागलेली. थोडीथोडकी नव्हे. काही महिन्यांचं काम काही वर्षांवर गेलं.

आम्ही बायोनला गेलो. जहाजाच्या बाजूच्या फळ्या उतरवलेल्या होत्या आणि आतल्या फासळ्या दिसत होत्या. एकवीस वर्षांपूर्वी मी ज्या फासळ्या नव्याकोऱ्या पाहिल्या होत्या, त्यांतल्या काही बोटाने कुरतडता येतील अशा झाल्या होत्या. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मुलगी म्हणाली, "एवढं करून काय उपयोग झाला मग?"

लाकडी जहाजाचं हेच आहे. खारं पाणी लाकडाला त्यामानाने राखतं. घात करतं ते पावसाचं गोडं पाणी. डेकच्या सांध्यातून झिरपतं, हवा खेळत नाही अशा कोपऱ्यात बसून राहतं आणि आतून खातं. आपल्याकडे पावसाळ्याआधी होड्या ओढून शाकारतात ते उगाच नाही. जुन्या आरमारांतही जहाज एकदा बांधलं की झालं, असं कधी नव्हतं. दर काही वर्षांनी गोदीत घ्यायचं, कुजलेलं काढायचं, नवं घालायचं. म्हणूनच बंदराला नुसती जहाजं नव्हे, कारखाना लागायचा. सागाचं त्रिंकोमाली आज उभं दिसतं, त्यासाठीही 1990 ते 2001 अशी अकरा वर्षं दुरुस्ती करावी लागली.

मुलीला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. नंतर विचार केला. 1997 मध्ये ही फासळी कुजली असती, तर ती बदलायची कशी हे सांगणारं फ्रान्समध्ये कुणी शोधावं लागलं असतं. आज ते सांगता येणारी माणसं आहेत. सतरा वर्षांत घडलेली वस्तू कुजते, पण त्या सतरा वर्षांत शिकलेले लोक दुरुस्तीला हजर असतात. जहाजापेक्षा ती जास्त मोठी कमाई आहे. तीही टिकेलच असं नाही. ते लोक म्हातारे होण्याआधी पुढच्यांना काम मिळालं तरच.

आपल्या देशातही हे नुकतंच घडलं. शिवलेल्या फळ्यांचं 'कौंडिण्य' हे जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. ते युद्धनौकेची प्रतिकृती नाही. अजिंठ्याच्या एका चित्रावरून घेतलेलं प्राचीन जहाज आहे. नकाशा तर नव्हताच, नुसतं भिंतीवरचं चित्र. मग झालं कसं? खिळ्याऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवणारे कारागीर केरळमध्ये अजून होते म्हणून. वीस वर्षं उशीर झाला असता तर चित्र तसंच राहिलं असतं, जहाज झालं नसतं.

आता माझी मागणी. संयोजक घड्याळ दाखवतायत, तेव्हा स्पष्ट बोलतो.

काल रात्रीच्या बैठकीत माजी विद्यार्थी निधीचं काय करायचं यावर चर्चा झाली. संगणक कक्षाला माझा विरोध नाही, तो व्हावाच. पण काल संध्याकाळी मी विहिरीमागच्या सुतारकामाच्या खोलीकडे गेलो. कुलूप आहे. खिडकीतून पाहिलं तर आपली चार बाकं आत आहेत, शेगडे गंजलेत, एका बाकावर आमच्या वर्गाने कोरलेली नावं आहेत. आपल्या सुतारकामाच्या सरांनी, जे आज पुढच्या रांगेत बसलेत, मला याच खोलीत काटकोन्याने सांधा जुळवायला शिकवला. बाबा जे शिकवायला तयार नव्हते, त्यातलं एवढं तरी सरांमुळे हातात आलं.

खाडीवर आज लाकडी होडी पठाणापासून शेवटपर्यंत बांधू शकणारे माझ्या माहितीत दोन जण आहेत. दोघेही सत्तरीपुढचे. मी गेल्या महिन्यात दोघांकडे जाऊन आलो. एकाने विचारलं, "आता कोण शिकतलो?" पण येणार नाही, असं तो म्हणाला नाही.

माझं म्हणणं एवढंच. ती खोली उघडू या. दर शनिवारी दुपारी त्या दोघांना रीतसर मानधन देऊन बोलवू या. आठवी-नववीची दहा-बारा मुलं-मुली आणि त्यांच्याबरोबर एक छोटी होडी, बारा-चौदा फुटांची. दोन वर्षं लागली तर लागू देत. प्रत्येक साचा टांगायच्या आधी त्याचा कागदावर पूर्ण आकारात ठसा घ्यायचा, मापं लिहायची, छायाचित्र काढायचं, आणि म्हातारा काय बोलतो ते फोनवर उतरवून घ्यायचं. जहाजावर काम करणाऱ्या आपल्या शाळेच्या मंडळींनी सुट्टीत घरी आलं की एक शनिवार द्यायचा. लाकडाचा खर्च मी करतो.

यातून सुतार तयार होतील असं मी म्हणत नाही. त्या मुलांचे आईवडीलही त्यांना "शिक" असंच सांगणार, आणि सांगावंच. पण दहा मुलांनी वाकस धरलेला असेल, तर त्यांतलं एखादं पुढे मांगर साफ करताना फर्मे बंबात घालण्याआधी थांबेल. चार वर्षं आधी.

सर, किल्ली तुमच्याकडेच आहे असं शिपायांनी सांगितलं. जेवण झाल्यावर जरा उघडून बघू या का?